काल संध्याकाळपर्यंत तर बरे होते: वृद्धांच्या रात्रीच्या भ्रमाविषयी

रात्री दोनच्या सुमारास ऐंशीच्या घरातले वडील उठून बसतात, शर्ट चढवतात आणि पहिल्या पाळीला उशीर होतोय म्हणत दाराची कडी काढायला लागतात. ती गिरणी बंद पडून कित्येक वर्षं झालेली असतात. दुसऱ्या एखाद्या घरात आई कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगते, "त्या बायकांना चहा टाक गं, कधीच्या उभ्या आहेत." कोपऱ्यात कोणी नसतं. हीच माणसं रात्री जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होती, बातम्या पाहून सरकारला नावं ठेवत होती.

अशा वेळी घरात तीन मतं पडतात. एक म्हणतो, वय झालं, आता हे असंच चालायचं. दुसरा म्हणतो, बाहेरचं काहीतरी दिसतंय. तिसरा जास्त व्यवहारी असतो: "झोप नाही झालेली, ती अर्धी गोळी देऊन टाका." दृष्ट काढायला माझी हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे आणि घरच्यांना धीर येतो. फक्त त्याआधी रक्तातली साखर तपासा. ती अर्धी गोळी मात्र देऊ नका. का, ते पुढे येईलच.

या प्रकाराला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. तो ओळखायच्या खुणा मोजक्याच आहेत. सुरुवात अचानक, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेली असते. दिवसभरात चढउतार होतात, सकाळी माणूस शहाण्यासारखा बोलतो आणि दिवेलागणीनंतर पुन्हा बिनसतं. आणि लक्ष टिकत नाही. तुम्ही काही विचारलं की उत्तर अर्ध्यात सुटतं, नजर दुसरीकडे जाते, बोटं चादरीचे धागे ओढत राहतात. भास होणं, दिवस-रात्र न कळणं, घरात असून "मला घरी न्या" म्हणणं हे सगळं त्याच्या जोडीला येतं.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असा येत नाही. तो महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी उतरत जातो. स्मृतिभ्रंश असलेल्यांची अवस्थाही संध्याकाळी बिघडते, हे खरं. पण तो रोजचा, घराला ठाऊक झालेला प्रकार असतो. अशा माणसाचंही एखाद्या रात्री नेहमीपेक्षा वेगळंच काही सुरू झालं, तर ते आधीच्या आजारावर चढलेलं डेलिरियम असू शकतं, आणि तसं पुष्कळदा होतं. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरला सगळ्यात उपयोगी माहिती घरच्यांकडेच असते: हे कालपर्यंत कसे होते? परवा स्वतः आंघोळ करत होते का? पैशांचा हिशेब ठेवत होते का? रात्रपाळीच्या डॉक्टरला समोर फक्त एक गोंधळलेला म्हातारा दिसतो. तो कायमच असा असेल, हे गृहीत धरणं फार सोपं असतं.

गडबड डोक्यात दिसते, मूळ भलतीकडेच असतं

उतारवयातला मेंदू जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखा असतो. वीज असते तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही, ताण पडला की तासाभरात बसते. तरुण माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर जळजळ होते, ताप येतो. तोच संसर्ग ८२ वर्षांच्या आजींना झाला तर ताप येईलच असं नाही, जळजळही त्या सांगणार नाहीत. त्या रात्री असंबद्ध बोलायला लागतात, बस. न्यूमोनियाचंही तसंच, आणि कधीकधी हृदयविकाराच्या झटक्याचंही. छातीत कळ न येता भ्रमच आधी दिसतो.

साखरेपासून सुरू करू, कारण ते कारण पाच मिनिटांत सापडतं आणि तितक्याच लवकर जिवावर बेततं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या, किंवा इन्सुलिन, घेऊन माणूस नीट जेवला नाही की साखर खाली जाते. आपल्याकडे याची ठरलेली वेळ म्हणजे एकादशी. उपास कडक, पण गोळी "डॉक्टरांनी चुकवू नका सांगितलंय" म्हणून घेतलेली. रात्री अंग गार, घामाने कपडे ओले आणि बोलणं तुटक. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस जागा असून नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. ग्लानीत असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. या गोळ्यांचा असर बरेच तास टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी लांबतो. साखर एकदा वर आली म्हणून निर्धास्त झोपू नका. पहाटे ती पुन्हा घसरते, त्यामुळे दवाखाना गाठावाच.

दुसरं कारण रक्तातल्या सोडियमचं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. रक्तदाबासाठी पाणी काढायची गोळी चालू, जेवण जेमतेम, कुणीतरी मीठ पूर्ण बंद करायला लावलेलं, त्यात दोन दिवस जुलाब, एवढं एकत्र आलं की सोडियम १२० च्याही खाली गेलेलं सापडतं. माणूस आधी मलूल होतो, मग भरकटतो. यावर घरात मिठाचं पाणी पाजत बसू नये. सोडियम फार भरभर वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते, म्हणून दवाखान्यातही ते मोजून-मापून, हळूहळू वाढवतात.

आणि लघवी. याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबते. ती पूर्ण बंद होत नाही, थेंब थेंब गळत राहते, त्यामुळे घरच्यांना वाटतं की होतेय. आजोबा दर दहा मिनिटांनी उठतात, पलंगावरून पाय खाली टाकतात, परत आडवे होतात, धोतर-लुंगी ओढतात, हात लावला की खेकसतात. सगळे म्हणतात, भ्रम झाला. बेंबीखाली हात ठेवून पाहावं तर पोट फुगून टणक लागतं आणि दाबलं की ते कळवळतात. कॅथेटर घालून लघवी काढली की अशी माणसं कधीकधी तासाभरात शांत झोपी जातात. साध्या बद्धकोष्ठानेही असंच होतं. चार दिवस पोट साफ नाही, ही माहिती लाजेखातर डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

लघवीच्या तपासणीबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत जंतू सापडणं इतकं नेहमीचं आहे की ते दर वेळी आजाराचं लक्षण नसतं. रिपोर्टात जंतू दिसले, अँटिबायोटिक सुरू झालं आणि तपास तिथेच थांबला, तर खरं कारण मागे राहून जातं. सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा), रक्ताची साधी मोजणी, ऑक्सिजन, ईसीजी, छातीचा एक्स-रे एवढं तरी बघितलंय का, हे विचारायला संकोचू नका.

गोळ्यांची पिशवी

डेलिरियमच्या कारणांत औषधं फार वरच्या क्रमांकावर आहेत. आजोबांचे गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि सर्दीची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिलेली. तिघांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, एकाने दुसऱ्याची पाहिली नाही. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खाजेवरची जुन्या पिढीतली औषधं, पोटातल्या मुरड्यावरचं डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्यासाठी लिहिलेलं अमिट्रिप्टिलिन, हातांच्या कंपासाठी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल: ही सगळी मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या आड येतात. लक्ष आणि स्मरणशक्ती त्याच रसायनावर चालते. दुखण्यावरच्या ट्रामाडॉलनेही म्हातारी माणसं बरळू लागतात.

झोपेच्या गोळीचा मुद्दा इथे येतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी गोंधळलेला मेंदू आणखी गोंधळतो. माणूस झोपला असं दिसतं, पण उठताना तोल जाऊन पडतो. शिवाय ज्या संसर्गामुळे किंवा कमी साखरेमुळे भ्रम झाला होता तो गोळीच्या गुंगीखाली झाकला जातो, आणि सकाळी कळतं की माणूस उठतच नाही. मात्र वर्षानुवर्षं हीच गोळी रोज घेणाऱ्याची ती अचानक बंद केली, तरीही डेलिरियम होतं. म्हणून मनाने सुरू करू नये तशी मनाने बंदही करू नये. वृद्धांना कोणती औषधं जपून द्यावीत याची बीअर्स नावाची एक यादी १९९१ पासून डॉक्टर वापरतात आणि ती सुधारली जाते, २०२३ मध्येही तिच्यात मोठी सुधारणा झाली. तुमच्या डॉक्टरांना तिच्याविषयी विचारलंत तर ते रागावणार नाहीत. रागावले तर तीही एक माहितीच समजा.

करायचं इतकंच: घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे, थेंब, मलमं एका पिशवीत भरा आणि ती पिशवी घेऊन जा. यादी लिहून नेऊ नका. यादीत कायम काहीतरी राहतं, आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दुप्पट चाललंय हे पाकिटं शेजारीशेजारी ठेवल्यावरच दिसतं.

याच ओघात एक अवघड गोष्ट. खुब्याचं हाड मोडून आजोबांचं ऑपरेशन होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ते सलाईन उपटून टाकतात, अंगावर मुंग्या चढतायत म्हणून झटकत बसतात. भूल, दुखणं, अनोळखी जागा यांनी असं होतंच. पण ते रोज घेत असलेले दोन पेग घरच्यांनी डॉक्टरांपासून लपवलेले असतील, तर दारू तुटल्यानंतर दोन-चार दिवसांत येणारं डेलिरियम हा वेगळा आणि जास्त धोकादायक प्रकार आहे. त्याचा इलाज वेगळा आहे. त्यात डॉक्टर वर सांगितलेल्या झोपेच्या गोळ्यांच्याच जातीचं औषध मुद्दाम देतात. तंबाखू आणि मशेरीही सांगा. आजींची मशेरी दवाखान्यात एकाएकी सुटते आणि त्या का चिडतायत हे कुणालाच कळत नाही.

त्या रात्री काय करायचं

आधी दिवा लावा. अंधुक झिरो बल्बच्या उजेडात दोरीवर वाळत घातलेली साडी बाईसारखी दिसते, पंख्याची सावली हलते. चष्मा चढवा, कानातलं यंत्र असेल तर लावा. रात्री या दोन्ही गोष्टी काढून ठेवलेल्या असतात आणि धड न दिसता, न ऐकू येता भेदरलेला माणूस आणखी भेदरतो. समोर एकानेच बोलावं, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावं.

"मला ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?" ही परीक्षा घेऊ नका. उत्तर आलं नाही की दोघांनाही वाईट वाटतं आणि हाती काही लागत नाही. सरळ सांगावं: "बाबा, मी सुनील. आपण घरीच आहोत. रात्र आहे, अडीच वाजलेत." कोपऱ्यातल्या बायकांवरून वाद घालू नये, आणि त्यांच्यासाठी खरोखर चहाही ठेवू नये. "मला नाही दिसत गं आई कोणी, पण तुला भीती वाटतेय ना? मी इथेच बसलेय," एवढं पुरतं. गिरणीत जायला निघालेल्या बाबांना गिरणी बंद पडल्याची बातमी नव्याने देण्यापेक्षा "आधी जरा पाणी प्या, मग बघू" म्हणावं. पाणी प्यायलं जातं, बाथरूमला नेता येतं, आणि तेवढ्यात पाळीचा विषय मागे पडतो. रोजचं स्तोत्र पाठ असेल तर हळू आवाजात म्हणायला लागा, पुष्कळदा तेही म्हणू लागतात.

बांधून ठेवू नका. हात धरून दाबूनही ठेवू नका. चालायचं असेल तर बरोबर चाला. गॅसचा रेग्युलेटर बंद, गॅलरीचं दार बंद, सुरी-कात्री उचललेली, पायाखालचं पायपुसणं काढलेलं, इतकं बघा.

मग मोजमाप. ताप, रक्तदाब, साखर. कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात असेल, ते काढा. आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. कौटुंबिक ग्रुपवर टाकण्यासाठी अजिबात नाही, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. सकाळी दवाखान्यात हीच व्यक्ती "काही नाही हो, ही उगाच घाबरते" असं हसून सांगणार आहे. पुण्यातली बहीण रात्रभर जागलेली असते आणि न्यू जर्सीतला भाऊ सकाळच्या व्हिडिओ कॉलवर बाबांशी क्रिकेटवर गप्पा मारून तिला म्हणतो, "अगं, ठणठणीत आहेत की!" त्याचा तसा दोष नाही. चढउतार हाच या आजाराचा स्वभाव आहे.

लक्ष टिकतंय का हे बघायची एक सोपी रीत डॉक्टर वापरतात. एडिनबरात तयार झालेल्या फोर-ए-टी नावाच्या छोट्या चाचणीत वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगतात. सात किंवा जास्त जमले तर लक्ष ठीक मानतात. इंग्रजी महिन्यांशी फारसा संबंध न आलेल्या आजींना फाल्गुनापासून उलटं किंवा रविवारपासून मागे वार विचारून बघता येतं. ही आपली घरगुती सोय झाली, निदान नव्हे. पण परवापर्यंत पंचांग तोंडपाठ असलेली बाई माघावरच अडखळली, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

सकाळची वाट कधी पाहायची नाही? चेहरा एका बाजूला ओढलेला, हात किंवा पाय लुळा, किंवा बोलताना शब्दच भलते येतायत, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून शेवटचं नीट कधी पाहिलं होतं ती वेळ लक्षात ठेवा. गेल्या काही आठवड्यांत डोक्यावर पडले होते, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असताना, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत गेलेलं असू शकतं. फिट आली, छातीत दुखतंय, धाप लागलीय, ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे, हुडहुडी भरून ताप आहे, सात-आठ तासांत लघवी नाही, किंवा हलवूनही जाग येत नाही, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच क्रमांक आहे. यातलं काही नसेल तरी उजाडल्यावर डॉक्टर गाठायचेच. पुढच्या आठवड्यातली वेळ घेऊन भागत नाही.

गप्प झालेले

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळं घर धावतं. डेलिरियमचा दुसरा प्रकार मात्र अगदी शांत असतो. माणूस दिवसभर पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि परत मिटतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. "आज आई किती शांत आहे, काही त्रास नाही दिला," म्हणून घर सुटकेचा श्वास टाकतं. हा प्रकार नजरेतून जास्त सुटतो आणि त्याचे परिणामही बऱ्याचदा जास्त वाईट असतात. उत्साही माणूस एकाएकी असा मंदावला, तर त्याचीही निकड तितकीच समजावी.

दवाखान्यात

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शेरन इनूये यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास केला होता, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटासाठी काही साध्या गोष्टी ठरवून केल्या: कुठे आहोत, कोणता वार आहे हे वरचेवर सांगणं, चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र देणं, पाणी पाजणं, रात्री गोळीऐवजी गरम दूध, पाठ चोळणं आणि शांतता. त्या गटात ९.९ टक्क्यांना डेलिरियम झालं, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १५ टक्क्यांना. ही कामं करायला तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक उभे करावे लागले. आपल्याकडे खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेला नातेवाईक असतोच, फक्त त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा तिथे बसणाऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढून दिवसा पडदा उघडावा, जेवताना कवळी लावून द्यावी, परवानगी असेल तर दोन वेळा चालवावं. आयसीयूत भेटीची वेळ ठरलेली असते, पण रात्रीचा गोंधळ सुरू झाला असेल तर घरच्या एकाला जवळ बसू द्या अशी विनंती करून बघा. कॅथेटर आणि सलाईन अजून लागणार आहे का, हे रोज विचारा. गरज संपल्यावरही नळ्या तशाच राहिलेल्या असतात आणि त्या ओढण्यातच रुग्णाची रात्र जाते.

माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर डॉक्टर हॅलोपेरिडॉलसारखं औषध अगदी कमी मात्रेत, थोडे दिवस देतात. त्याने कारण बरं होत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या जातीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ पासून दिलेला आहे. म्हणून असं औषध सुरू झालंच, तर ते कधी थांबवायचं हे घरी सोडण्याच्या दिवशी विचारून घ्या. चिठ्ठीवर "चालू ठेवा" लिहिलेलं महिनोन्महिने चालूच राहतं.

कारण सापडून इलाज झाला तरी मेंदू लगेच जागेवर येत नाही. काहींना दोन-तीन दिवस लागतात, काहींना कित्येक आठवडे, आणि काही जण पूर्वीइतके पूर्ण सावरत नाहीत. सोडियमचा आकडा सुधारला, मग बाबा अजून का चुकतात, म्हणून धीर सोडू नये. या काळात बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदांवर सह्या घेऊ नयेत, पुढे तंटे होतात. स्मरणशक्तीची तपासणीही घाईने उरकू नये, दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. पण ती करावी जरूर, कारण डेलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि कधीकधी आधीच सुरू झालेला स्मृतिभ्रंश या निमित्ताने पहिल्यांदा उघड होतो.

रात्री जागण्याच्या पाळ्या लावा. एकाच सुनेवर किंवा एकाच मुलीवर हे टाकलं तर चौथ्या दिवशी तीच आजारी पडते. जवळ कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन दिवसा माहिती आणि सल्ला देते.

बऱ्या झालेल्या माणसाला त्या रात्रींतलं तुकड्यातुकड्याने आठवतं आणि फार शरम वाटते. "मी सूनबाईला मारायला धावलो का गं?" असं एखादे आबा आठवड्याने हळूच विचारतात. विषय टाळू नये. तो आजार होता, सोडियम उतरलं होतं, हे आकड्यासकट सांगावं, त्यांना बरं वाटतं. आणि एकदा डेलिरियम झालेल्याला ते पुन्हा होऊ शकतं, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तारीख, कारण आणि ज्या औषधाने झालं त्याचं नाव लिहून ठेवा. उद्या मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञाला ते पान आधी दाखवा.